तापाचा दिवस मोजा, मग रक्त द्या

घरात कुणाला ताप भरला की दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबचा माणूस दारात उभा असतो. तीन-चार ट्यूब रक्त जाते, संध्याकाळी मोबाइलवर आठ पानांचा रिपोर्ट येतो, आणि त्यात कुठेतरी ठळक अक्षरांत काहीतरी वाढलेले किंवा घटलेले असते. मग त्या ठळक अक्षरांवर औषध सुरू होते. शहरांत हे इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही वावगे असेल असे कुणाच्या मनातही येत नाही. पण तापाच्या तपासणीचे उत्तर ती कितव्या दिवशी केली यावर ठरते, आणि तो दिवस चुकला की महागडी तपासणीही दिशाभूल करते. म्हणून ‘कोणती तपासणी करायची’ याच्या आधी ‘आज तापाचा कितवा दिवस’ हे विचारले पाहिजे. यावरून तपासण्या करूच नका, असा अर्थ कुणी काढू नये. काही तापांत पहिल्याच दिवशी रक्त द्यायला हवे आणि त्यात हयगय करणे जिवावर बेतू शकते. ते कोणते, हेही पुढे येईलच.

प्रयोगशाळा तापाच्या रुग्णाच्या रक्तात मुख्यतः तीन प्रकारच्या गोष्टी शोधते: खुद्द जंतू किंवा त्याचा एखादा अंश, त्या जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी, आणि या झटापटीत शरीरात झालेले बदल, म्हणजे पेशींची संख्या, यकृताला आलेली सूज, मूत्रपिंडावर पडलेला ताण. तिन्हींचे वेळापत्रक वेगवेगळे असते. बऱ्याच आजारांत जंतू सुरुवातीच्या दिवसांत रक्तात भरपूर असतो आणि नंतर कमी होत जातो. अँटिबॉडी उमटायला पाच-सात दिवस, कधी त्याहून जास्त लागतात, आणि एकदा उमटल्या की आजार सरल्यावरही त्या कित्येक आठवडे, महिने रेंगाळतात. त्यामुळे अँटिबॉडीची तपासणी दोन्ही बाजूंनी फसवते. लवकर केली तर खरा आजार असून ‘निगेटिव्ह’ येते, आणि कधीतरी होऊन गेलेल्या आजाराच्या खुणा शिल्लक असतील तर आजचा ताप भलत्याच कारणाचा असूनही ‘पॉझिटिव्ह’ येते. रिपोर्ट छापणाऱ्या मशिनला यातले काही ठाऊक नसते. ते ठाऊक असायला हवे रुग्णाला आणि डॉक्टरला.

डेंग्यूत हे वेळापत्रक सर्वांत स्पष्ट दिसते. ताप सोमवारी सुरू झाला असे धरू. सोमवार ते शुक्रवार या काळात विषाणूचे एनएस१ नावाचे प्रथिन रक्तात सापडण्याची शक्यता चांगली असते, म्हणून या दिवसांत एनएस१ तपासणी करायची. शनिवारनंतर ते सापडेनासे होऊ लागते आणि आयजीएम अँटिबॉडी दिसू लागतात, म्हणून त्यानंतर आयजीएम. मंगळवारी आयजीएम करून ते निगेटिव्ह आले म्हणून ‘डेंग्यू नाही’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे पैसे मोजून खोटा दिलासा विकत घेणे. उलट आयजीएम दोन-तीन महिने टिकू शकत असल्यामुळे जुलैत होऊन गेलेला डेंग्यू सप्टेंबरच्या तापातही डोके वर काढतो. ज्यांना पूर्वी डेंग्यू होऊन गेला आहे, त्यांच्यात एनएस१ लवकर नाहीसे होते आणि आयजीएमही कमी उमटते, त्यामुळे अशा रुग्णाच्या निगेटिव्ह रिपोर्टवर डोळे झाकून विसंबता येत नाही. आणखी एक गोष्ट, लॅबच्या पट्टीवर दोन रेघा दाखवणारी झटपट तपासणी आणि एलायझा पद्धतीची तपासणी यांत फरक आहे. डेंग्यू नियंत्रणाचा आपला राष्ट्रीय कार्यक्रम निदान पक्के मानण्यासाठी एलायझाच धरतो, आणि त्यासाठी नेमलेल्या सरकारी रुग्णालयांत ती मोफत होते. तिथे वापरली जाणारी आयजीएमची किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतून पुरवली जातात.

डेंग्यूतली खरी गोम मात्र वेगळीच आहे. एनएस१ पॉझिटिव्ह आले काय किंवा निगेटिव्ह आले काय, उपचार फारसे बदलत नाहीत, कारण या विषाणूवर खास औषध नाही. पॅरासिटामॉल, भरपूर पातळ पदार्थ आणि डोळ्यांत तेल घालून देखरेख, एवढेच हातात असते. अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या टाळायच्या, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. जीव वाचवणारी तपासणी म्हणजे साधा, स्वस्त सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), आणि तोही पुन्हा पुन्हा केलेला. सगळ्यांचे लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर खिळलेले असते. पेशी किती झाल्या, पपईच्या पानांचा रस दिला का, किवी आणली का, हीच चर्चा. त्याच रिपोर्टवर हिमॅटोक्रिट नावाची एक ओळ असते, तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपू लागले की रक्त दाट होते आणि हा आकडा चढतो. तो मूळ पातळीपेक्षा पाचव्या हिश्शाने, म्हणजे २० टक्क्यांनी वाढला तर धोक्याची घंटा. हे झिरपणे बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसांदरम्यान, नेमके ताप उतरत असताना होते. ‘ताप गेला, आता बरे वाटेल’ असे म्हणून घरचे निःश्वास टाकतात तो दिवस डेंग्यूत सर्वांत जोखमीचा असतो. म्हणजे रोग्याचा पारा खाली आला की सीबीसी बंद करायचा नाही, पुढचे दोन दिवस तरी चालू ठेवायचा. प्लेटलेटबद्दल एवढेच की रक्तस्राव नसेल तर आकडा १०,०००च्या खाली जाईपर्यंत साधारणपणे बाहेरून प्लेटलेट चढवण्याची गरज मानली जात नाही. आणि मशिनने एकदम फारच कमी आकडा दाखवला तर स्लाइडवर डोळ्यांनी पाहून खात्री करून घ्यावी, कारण ट्यूबमधल्या रसायनामुळे काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशिन त्यांना मोजत नाही.

दिवस मोजत बसायचे नाही असा ताप म्हणजे मलेरिया. हुडहुडी भरून ताप आला, घाम सुटून उतरला आणि पुन्हा आला, तर पहिल्याच दिवशी रक्त तपासायचे. इथे आपण अँटिबॉडी शोधत नाही, परोपजीवी जंतूच शोधतो. फ्रेंच लष्करी डॉक्टर लॅव्हेरान यांनी १८८० मध्ये अल्जीरियात तो रुग्णाच्या रक्तात प्रथम पाहिला आणि आजही मलेरियाची पक्की तपासणी म्हणजे तेच, सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहणे. बोटाला सुई टोचून काचेच्या एकाच पट्टीवर दोन ठिकाणी रक्त घेतात. एक थेंब गोल फिरवून जाडसर ठेवतात, दुसरा दुसऱ्या काचेच्या कडेने पातळ ओढतात. जाड थरात लाल पेशी फोडून टाकल्या जातात, त्यामुळे थोड्या जागेत जास्त रक्त नजरेखालून जाते आणि जंतू सापडण्याची शक्यता वाढते. पातळ थरात पेशी एकेकट्या अखंड दिसतात, म्हणून जंतू कोणत्या जातीचा ते कळते. आपल्याकडच्या सरकारी प्रयोगशाळांत त्यासाठी वापरतात तो जेएसबी रंग जसवंत सिंग आणि भट्टाचारजी या भारतीय शास्त्रज्ञांच्या नावाचा आहे. तंत्रज्ञाने जाड थराची किमान १०० क्षेत्रे पाहून मगच ‘जंतू आढळला नाही’ असे लिहायचे असते. जातीला महत्त्व आहे कारण औषध त्यावर ठरते. व्हायव्हॅक्स यकृतात दडून बसतो, त्याच्यासाठी १४ दिवसांचे प्रायमाक्विन लागते. फाल्सिपेरम मेंदूपर्यंत पोहोचू शकतो आणि त्याची औषधे वेगळी. मुंबईत प्रामुख्याने व्हायव्हॅक्स आढळतो, तर राज्यात मलेरियाचा मोठा भार वाहणाऱ्या गडचिरोलीत फाल्सिपेरमचा धोका कायम असतो. अशी एक काचपट्टी, म्हणजे स्मिअर, निगेटिव्ह आली म्हणून मलेरिया नाही असे नव्हे. संशय दाट असेल तर १२ ते २४ तासांच्या अंतराने आणखी दोन वेळा रक्त द्यावे. आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात असणारे झटपट किट चांगले आणि मोफत असते, पण त्यातली फाल्सिपेरमची रेघ उपचारानंतरही काही आठवडे दिसू शकते. म्हणून बरे झाल्याची खात्री त्या किटवर करू नये, स्मिअरवर करावी. व्हायव्हॅक्सचा यकृतात दडलेला जंतू महिन्यांनंतरही उसळू शकतो. म्हणून परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाने सुटीवरून परत गेल्यावर ताप आला तर तिथल्या डॉक्टरांना भारतातला मुक्काम सांगितलाच पाहिजे. त्यांना मलेरिया आपणहून सुचणार नाही.

आता ज्या तपासणीने महाराष्ट्रात सर्वांत जास्त गोंधळ घातला आहे तिच्याकडे वळू. ‘टायफॉइड थोडासा निघाला आहे’ हे वाक्य ऐकले नाही असे घर सापडणे कठीण. हा ‘थोडासा टायफॉइड’ विडाल तपासणीतून येतो. पॅरिसचे डॉक्टर फर्नांड विडाल यांनी ही पद्धत १८९६ मध्ये मांडली, तेव्हा ती खरोखर मोठी झेप होती. सव्वाशे वर्षे उलटली तरी आपल्या गल्लीबोळांतल्या लॅबमध्ये ती जवळजवळ जशीच्या तशी चालते. पांढऱ्या चौकोनांच्या काचेवर रुग्णाच्या सिरमचा थेंब घ्यायचा, त्यावर टायफॉइडच्या मेलेल्या, रंगवलेल्या जंतूंचा थेंब टाकायचा, काडीने मिसळून काच मिनिटभर हलवायची आणि दाणे दिसतात का ते पाहायचे. सिरमचे माप ८० मायक्रोलिटरपासून निम्मे निम्मे करत ५ मायक्रोलिटरपर्यंत आणले की १:२० पासून १:३२० पर्यंतचे आकडे मिळतात. शेवटी दाणे दिसले की नाही हे तंत्रज्ञाच्या डोळ्यावर, उजेडावर आणि घाईवर अवलंबून असते. दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत याचे एक कारण हेच. टेस्ट ट्यूबमध्ये रात्रभर ठेवून केलेली तपासणी जास्त भरवशाची असते, पण तिच्यासाठी थांबायला कुणाला वेळ नसतो.

विडालची खरी अडचण मात्र तंत्रज्ञाच्या डोळ्याच्या पलीकडची आहे. ती टायफॉइडचा जंतू शोधतच नाही, त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडी शोधते. त्या सहसा दुसऱ्या आठवड्यात नीट उमटतात, आणि आपण तपासणी करतो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. शिवाय जिथे पाण्यातून, उघड्यावरच्या खाण्यातून या कुळातले जंतू पोटात जातच राहतात, तिथे धडधाकट माणसाच्या रक्तातही थोड्याफार अँटिबॉडी असतातच. लस घेतलेल्यांत असतात, जुना टायफॉइड होऊन गेलेल्यांत असतात, आणि मलेरियासारख्या इतर तापांतही त्या उसळलेल्या दिसतात. म्हणून एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. शास्त्रशुद्ध रीत अशी की आज एक नमुना घ्यायचा, दहा-चौदा दिवसांनी दुसरा घ्यायचा आणि आकडा चौपट झाला, म्हणजे १:४० चा १:१६० झाला, तरच टायफॉइड मानायचा. प्रत्यक्षात दुसरा नमुना कुणी देत नाही, कारण तोवर ताप गेलेला असतो. याचा परिणाम कसा होतो ते एका काल्पनिक हिशेबाने पाहू. तापाचे १,००० रुग्ण आले, त्यांतल्या २० जणांना खरोखर टायफॉइड आहे असे धरा. तपासणी या २० पैकी १६ जणांना पकडते आणि उरलेल्या ९८० पैकी दहा टक्क्यांना, म्हणजे ९८ जणांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. एकूण ११४ जणांच्या हातात ‘पॉझिटिव्ह’चा कागद येतो, त्यांतले ९८ जण नाहक टायफॉइडचे औषध घेतात. तपासणी ९० टक्के वेळा बरोबर आहे असे ऐकायला छान वाटते, पण कागद हातात आलेल्या सात माणसांपैकी एकाच्याच बाबतीत ती खरी ठरते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: ‘आमच्या डॉक्टरांनी विडाल पाहून औषध दिले आणि ताप उतरला, मग तपासणी खोटी कशी?’ ताप उतरला हे खरेच आहे. पण बहुतेक विषाणूजन्य ताप तीन ते सात दिवसांत आपणहून उतरतात, आणि अँटिबायोटिक चौथ्या दिवशी सुरू झाले की सहाव्या दिवशी श्रेय त्याच्या पदरात पडते. उलट खऱ्या टायफॉइडमध्ये योग्य औषध सुरू झाल्यावरही ताप पूर्ण उतरायला चार-पाच दिवस लागू शकतात. एका दिवसात खडखडीत बरा झालेला ‘टायफॉइड’ म्हणूनच संशयास्पद. आक्षेपाचे दुसरे रूप जास्त व्यवहारी आहे: विडाल स्वस्त आहे, कुठेही होते, मग नसण्यापेक्षा बरी नाही का? मला ते पटत नाही. चुकीची दिशा दाखवणारा फलक स्वस्त असला तरी रस्ता लांबवतोच. त्याची किंमत पुढे मोजावी लागते: नको असलेल्या अँटिबायोटिकचे कोर्स, सलाईन लावून काढलेले दिवस, आणि त्या गडबडीत नजरेतून निसटलेला मलेरिया किंवा लेप्टोस्पायरोसिस. असा प्रकार आपल्या देशाने एकदा ओळखून थांबवलाही आहे. रक्तातल्या अँटिबॉडीवरून क्षयरोगाचे निदान करणाऱ्या तपासण्या सर्रास विकल्या जात होत्या. त्या भरवशाच्या नाहीत असे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये स्पष्ट सांगितले आणि २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. आज क्षयासाठी थुंकीतला जंतूच शोधतात, सीबीनॅटसारख्या पद्धतीने, आणि सोबत तो औषधाला दाद देईल का हेही कळते. टायफॉइडच्या बाबतीत हे शहाणपण अजून झिरपायचे आहे.

टायफॉइडचा संशय खरोखर असेल, म्हणजे तापाला पाच-सहा दिवस झाले, तो रोज थोडा थोडा चढत गेला, जीभ पांढरी, पोट बिघडलेले, मलेरिया निगेटिव्ह, तर मागायची तपासणी म्हणजे ब्लड कल्चर. यात रक्तातला जिवंत जंतू पोषक द्रव्याच्या बाटलीत वाढवतात. पहिल्या आठवड्यात तो सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. रक्त काढण्याची पद्धत इथे तपासणीइतकीच महत्त्वाची, म्हणून रुग्णाने ती डोळ्यांसमोर पाहावी. कातडी जंतुनाशकाने पुसून वाळू द्यायची, पुसलेल्या जागेला पुन्हा बोट लावायचे नाही, बाटलीचे रबरी बूचही पुसायचे, आणि मोठ्या माणसाचे एका बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त घ्यायचे. तीन मिलिलिटर घेऊन भागवले तर सापडणारा जंतूही निसटतो, कारण टायफॉइडमध्ये रक्तात जंतूंची संख्या मुळातच कमी असते. शक्य तर दोन्ही हातांतून वेगवेगळे नमुने घ्यावेत. एकाच बाटलीत कातडीवरचा निरुपद्रवी जंतू वाढला तर तो बाहेरून आला हे ओळखता येते. बाटली मशिनमध्ये ठेवतात, जंतू वाढून वायू सोडू लागला की मशिन खूण करते. बहुतेक उत्तरे ४८ तासांत येतात, पण निगेटिव्ह म्हणण्याआधी पाच दिवस थांबतात.

‘दोन दिवस थांबायचे, तोवर पेशंटचे काय?’ हा कल्चरवरचा नेहमीचा आक्षेप, आणि तो गैरसमजावर उभा आहे. थांबायचे आहे ते रक्त काढण्यापुरते. रक्त बाटलीत गेले की डॉक्टर त्याच तासाला अँटिबायोटिक सुरू करू शकतात. क्रम उलटा झाला, आधी गोळी आणि मग रक्त, की दोन डोसांतही कल्चर निगेटिव्ह होऊ शकते. ही चूक एकदा झाली की भरून काढता येत नाही. कल्चरलाही मर्यादा आहेत. टायफॉइडच्या दर दहा रुग्णांपैकी साधारण सहा जणांतच ते पॉझिटिव्ह येते, म्हणून निगेटिव्ह आल्याने टायफॉइड बाद होत नाही. ते विडालपेक्षा महाग असते आणि तालुक्याच्या गावी सगळीकडे मिळत नाही, हेही खरे. पण जे उत्तर ते देते ते दुसरी कुठलीच तपासणी देत नाही: हा जंतू कोणत्या औषधाला मरतो. पूर्वी टायफॉइडवर हमखास चालणारी सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुळातली औषधे आज भारतातल्या बहुतेक टायफॉइड जंतूंवर नीट चालत नाहीत. अंदाजाने औषध देण्याचे दिवस सरत चालले आहेत, म्हणून या उत्तरासाठी पैसे मोजणे रास्त.

काही तापांत तपासणीआधीचे प्रश्नच निदानाच्या जवळ नेतात. पुराच्या पाण्यातून चालणे झाले का? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची मोठी लाट आली. कोकणातल्या भातखाचरांत राबणाऱ्यांना हा आजार दरवर्षी गाठतो. डोळे लाल, पोटऱ्या दुखऱ्या, लघवी कमी, डोळ्यांत पिवळेपणा असे चित्र असेल तर आयजीएमच्या रिपोर्टसाठी थांबायचे नसते, कारण ते पाचव्या-सातव्या दिवसाआधी पॉझिटिव्ह येत नाही आणि तोवर मूत्रपिंड बसू शकते. अशा वेळी सीबीसी, क्रिएटिनिन, बिलिरुबिन आणि लघवीची तपासणी जास्त बोलकी, आणि औषध संशयावरच सुरू करतात. शेतात, गवतात वावर असेल तर स्क्रब टायफस आठवावा. हा विदर्भात आढळतो, आणि त्याची सर्वांत स्वस्त तपासणी म्हणजे कपडे बाजूला करून पाहणे. काख, जांघ, कंबरपट्ट्याची जागा, स्तनांखालची घडी इथे सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसली तर निदान जवळपास झाले. ती दुखत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही आणि घाईत कुणी पाहतही नाही. दोडामार्ग, सावंतवाडीकडचा किंवा गोव्याच्या सत्तरीतला माणूस काजूच्या हंगामात तापला, रानात माकडे मेलेली आढळली, तर माकडतापाचा विचार करावा लागतो. त्याची पीसीआर तपासणी मोजक्याच प्रयोगशाळांत होते आणि सुरुवातीच्या दिवसांतच उपयोगी पडते. लघवीला जळजळ, कंबरेत दुखणे आणि थंडी वाजून ताप, विशेषतः बायकांत, हे मूत्रमार्गाच्या संसर्गाचे लक्षण असते. तिथे रक्तापेक्षा लघवीचे कल्चर हवे, तेही जागा स्वच्छ धुऊन, सुरुवातीची धार सोडून मधल्या धारेचे. हा नमुना दोन तासांत लॅबला पोहोचला पाहिजे, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवावा.

मग ‘फीवर पॅकेज’ एकदाच करून सगळे निकालात काढले तर? जाहिरात तशीच असते, आणि काळजीत असलेल्या माणसाला ती पटते. पण रिपोर्टवरची ‘नॉर्मल’ मर्यादा कशी ठरते ते पाहा. बहुतेक तपासण्यांत निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांत जे आकडे येतात त्यांना नॉर्मल म्हणतात, म्हणजे पाच टक्के निरोगी माणसे व्याख्येनेच मर्यादेबाहेर पडतात. वीस वेगवेगळे घटक तपासले आणि ते एकमेकांवर अवलंबून नाहीत असे धरले, तर पूर्ण निरोगी माणसाच्या रिपोर्टवरही किमान एक आकडा ठळक होण्याची शक्यता ६४ टक्के निघते. मग त्या ठळक आकड्यासाठी आणखी तपासण्या. ईएसआर आणि सीआरपी यांचे असेच. ते शरीरात कुठेतरी दाह आहे एवढेच सांगतात, कुठे आणि कशाने ते सांगत नाहीत. ताप आहे म्हणजे दाह आहे हे थर्मामीटरने आधीच सांगितलेले असते.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळा आहे. दिवस मोजत बसलो आणि माणूस हातचा गेला तर? ही भीती रास्त आहे, म्हणून मोजणी कुणासाठी नाही ते स्पष्ट सांगायला हवे. तीन महिन्यांच्या आतले बाळ, गरोदर बाई, वयोवृद्ध, मधुमेह हाताबाहेर गेलेला, स्टिरॉइड किंवा कर्करोगाची औषधे घेणारा, प्लीहा काढलेला, अशा कुणालाही ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. तसेच कोणत्याही वयात दम लागणे, भ्रम किंवा गुंगी, झटका, मान ताठणे, सतत उलट्या, पोटात तीव्र कळा, हिरड्यांतून किंवा इतर कुठून रक्त, सहा-आठ तास लघवी न होणे, हात-पाय थंडगार पडणे, यांपैकी एक जरी दिसले तर दिवस कितवा हा प्रश्न बाजूला ठेवून थेट रुग्णालय. तिथे तपासणी आणि उपचार बरोबरीने सुरू होतात. बाकीच्यांसाठी मात्र, माणूस खातोपितो आहे, बोलतो आहे, मलेरियाची तपासणी झाली आहे, तर पहिले दोन दिवस पॅरासिटामॉल, पाणी आणि विश्रांती यांच्यावर काढणे हा निष्काळजीपणा नव्हे. तिसऱ्या दिवशी ताप असेल तर सीबीसी, लघवी आणि साथीच्या दिवसांत एनएस१. पाचव्याच्या पुढे गेला तर कल्चर, यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या, हंगाम आणि वावर पाहून आयजीएम. तीन आठवड्यांहून लांबलेला ताप ही वेगळी बाब आहे. पीटर्सडॉर्फ आणि बीसन या अमेरिकी डॉक्टरांनी १९६१ मध्ये त्याची व्याख्या केली तेव्हापासून त्याचा शोध वेगळ्या वाटेने घेतला जातो, आणि आपल्याकडे त्यात पहिला संशय क्षयावर, विशेषतः फुप्फुसाबाहेरच्या क्षयावर जातो. तिथे पॅकेज नव्हे, फिजिशियन हवा.

हे सगळे साधायला घरच्यांनी फार काही करावे लागत नाही. एका कागदावर ताप कोणत्या तारखेला, किती वाजता सुरू झाला ते लिहा, पुढे रोज तीन-चार वेळा आकडा मांडा, आणि ज्या ज्या गोळ्या पोटात गेल्या, दुकानदाराने दिलेल्यासुद्धा, त्यांची नावे खाली लिहा. सीबीसी शक्यतो एकाच लॅबमध्ये करा, म्हणजे कालच्या आणि आजच्या आकड्यांची तुलना खरी राहते. जुने रिपोर्ट फेकू नका. डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली की विचारायला संकोचू नका: ही आज का, उद्या का नाही, आणि हिच्या उत्तरावरून औषध बदलणार आहे का? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. लॅबच्या अर्जावर तापाचा दिवस लिहायला रकाना नसेल तर कोपऱ्यात स्वतःच्या हाताने लिहा. आणि अँटिबायोटिकची पहिली गोळी तोंडात टाकण्याआधी एवढे नक्की विचारा, कल्चरची गरज आहे का, आणि असेल तर त्याचे रक्त घेतले का.